रस्त्याकडचा कोपरा

दसरा झाला की मेहकरहून परतणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत एक वास शिरतो. खिडक्या बंद असल्या तरी शिरतो. सोयाबीनच्या भुशाचा वास. कोरडा, किंचित कडवट, नाकात बसला की घशापर्यंत उतरणारा. आमचं डोणगाव जवळ येतं तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मळणी यंत्रांचा आवाज वाढत जातो आणि हवेत पिवळट धूळ तरंगताना दिसते. शेजारची बाई पदर नाकाला लावते. मी लावत नाही. मी श्वास घेते आणि खिडकीच्या गजावर ठेवलेला माझा उजवा हात, मी काही न सांगता, मूठ वळतो. रॅकेट धरताना वळतात तशी.

मी खेळाडू नाही, हे आधीच सांगते. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबा अजूनही दर वर्षी विचारतात, "यंदा सुटते का शाळा?" खेळाडू होती अश्विनी. अजून आहे. मी जाळीच्या दुसऱ्या बाजूला होते, एवढंच.

आमचं बॅडमिंटन गोदामात होतं. बसस्टँडच्या मागे, नाल्याच्या काठाला भाऊशेठचं धान्याचं गोदाम आहे. पत्र्याचं उंच छत, सिमेंटची फरशी. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत ते रिकामं असायचं. अश्विनीचे वडील आमच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. त्यांनी भाऊशेठला विचारलं, पिवळा ऑइलपेंट आणला आणि गुडघ्यावर बसून फरशीवर रेषा मारल्या. गोदामाची चावी मात्र माझ्या बाबांकडे असायची, कारण बाबा तिथले हमाल. शाळा सुटली की चावी घेऊन मी जायची. कुलूप मी काढायची, म्हणून पहिलं शटलही माझ्याच वाट्याला आलं. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा चपळ मुली होत्या. पण चावी त्यांच्याकडे नव्हती.

अश्विनी नेहमी आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून. मी दाराकडच्या बाजूला. माझ्या पाठीमागून उजेड यायचा आणि तिच्या चेहऱ्यावर पडायचा. अजूनही तिचा चेहरा आठवला की तसाच आठवतो, डोळे बारीक केलेला, समोरच्या उजेडात काहीतरी शोधणारा.

दसऱ्यानंतर माल यायला लागायचा. पोत्यावर पोतं ठेवून रचलेल्या ढिगाला आमच्याकडे थप्पी म्हणतात. थप्पी दर वर्षी एकाच ठिकाणाहून सुरू व्हायची, आतल्या बाजूच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यातून. समोरच्या भिंतीला लागून नाला, म्हणून तिला ओल धरते आणि तिथे ठेवलेलं सोयाबीन काळं पडतं. रस्त्याकडची भिंत कोरडी. म्हणून पहिलं पोतं तिथे. आणि तो कोपरा म्हणजे अश्विनीच्या डाव्या हाताचा, मागचा कोपरा. रेषेच्या आतला. खेळातला.

मास्तरांनी खेळ थांबवला नाही. थप्पी कोर्टात शिरली की ते म्हणायचे, "आहे तेवढ्यात खेळा." कोर्ट रोज थोडं लहान व्हायचं. आज या पिवळ्या रेषेपर्यंत, उद्या तिच्या अलीकडे. माझं शटल डाव्या मागच्या कोपऱ्याकडे गेलं की पोत्यावर आपटायचं. 'भस्स' असा बसका आवाज यायचा, बारीक धूळ उडायची, आणि पोत्यांच्या फटीतले दाणे टिपायला आलेल्या चिमण्या वर छताच्या लोखंडी कैचीवर जाऊन बसायच्या. हमाल लोक शटललाही चिमणीच म्हणायचे. "मास्तर, तुमची चिमणी आली पाहा खाली," असं म्हणत थप्पीवरून फेकायचे.

अश्विनी त्या बाजूला गेली की मास्तर ओरडायचे, "तिकडे कशाला जातेस? जिथे शटल पडूच शकत नाही तिकडे पाहायचंच नाही. पुढे ये. जाळीवर ये."

ती पुढे आली, आणि उन्हाळ्यात कोपरा रिकामा झाल्यावरही मागे गेली नाही; सवयीने मीही तिकडे मारायची नाही. इतकी पुढे आली, की जाळीवरचं शटल ती वरच्या वर, बोटांच्या टोकांनी उचलल्यासारखं उचलायची आणि माझ्या बाजूला असं ठेवायची की ते जाळीला घासत खाली यायचं. मी पळायची आणि पोचायची नाही. पोती रचता रचता बाबा थांबून पाहायचे आणि मला म्हणायचे, "काजले, तू काय वं मेंढरावानी पयतं." सगळे हसायचे. मीही हसायची. मला वाईट वाटायचं नाही, कारण ती काय करतेय ते मला सगळ्यात जवळून दिसत होतं.

पुढचं सगळं वेगाने झालं. जिल्हा, विभाग, राज्य. पेपरात फोटो. पुण्याच्या एका अकादमीने बोलावलं आणि दहावीनंतर ती गेली. जाताना तिच्या पिशवीत दोन रॅकेटी होत्या आणि तिच्या आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. सुरुवातीला ती जिंकत राहिली. जाळीवर अशी खेळणारी मुलगी तिथल्या मुलींनी पाहिली नव्हती. फोनवर सांगायची, "मी बोललो की हसतात वं. मले म्हनलं की हसतात. मंग मी खेळून दाखवतो." मोठ्या गटात खेळायला लागल्यावर बक्षिसं मिळू लागली, बाहेरच्या राज्यांत प्रवास होऊ लागला. तिचा आता हाच पेशा होता.

मग समोरच्यांना ती कळली. कुणीतरी एकीने तिच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात उंच शटल टाकलं आणि पॉइंट घेतला. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतला. मग सगळ्या तेच करू लागल्या. अश्विनी मागे वळायची, दोन पावलं टाकायची आणि थांबायची. हात वर जायचा आणि खांदा आत ओढला जायचा, कशाला तरी धडकू नये म्हणून. शटल तिच्यामागे मोकळ्या जागेत पडायचं. पहिल्या फेरीत हार, मग पुन्हा पहिल्या फेरीत. पुण्याच्या सरांनी तिला व्हिडिओ दाखवले. तुला पाय आहेत, नजर आहे, तू थांबतेस का, असं विचारलं. ती त्यांना काही सांगू शकली नाही. व्हिडिओत ती जिथे थांबत होती ती जागा तिने ओळखली होती. थप्पीची कड.

मला ज्या हंगामाबद्दल लिहायचं आहे तो दोन वर्षांपूर्वीचा. दसरा होऊन गेला होता आणि एका संध्याकाळी ती आमच्या दारात उभी होती. उंच झाली होती, केस कापले होते. माझ्या आईने चहा टाकला.

"नागपूरची स्पर्धा हाये दिवाळीनंतर," ती म्हणाली. "तिथंबी पहिल्याच फेरीत गेलो तर अकादमी ठेवणार नाही म्हने. सरांनी सरळच सांगतलं."

"मंग इकडे काऊन आलीस?" मी विचारलं. "तिथंच सराव करायचा ना."

"तिथं थप्पी नाही."

मला तेव्हा ते कळलं नाही. चावी घेऊन आम्ही गोदामात गेलो. माल अजून आला नव्हता. संध्याकाळचा तांबूस उजेड दारातून आत आडवा पडला होता, पिवळ्या रेषा फिकट झाल्या होत्या, जुन्या बारदानाचा वास होता. ती आतल्या बाजूला गेली आणि रस्त्याकडच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. कोपरा रिकामा होता. फरशी दिसत होती, भिंत दिसत होती, भिंतीवर पोत्यांच्या घासणीचे काळपट पट्टे दिसत होते. ती चालत गेली. एका जागी थांबली आणि हात पुढे केला, तळवा उघडा, अंधारात भिंत चाचपतात तसा.

"इथं हाये," ती म्हणाली.

"काय?"

"पोतं. मले मालूम हाये इथं काही नाही. पन पाय जात नाही माह्या पुढं."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी इतकी वर्षं जाळीच्या दुसऱ्या बाजूला होते, त्या कोपऱ्यात कधी गेलेच नव्हते. आणि खरं सांगते, तिथे उभं राहिल्यावर मलाही वाटलं की समोर काहीतरी आहे. मोठं, गप्प, श्वास न घेणारं. वरून एक चिमणी उडाली आणि आम्ही दोघी दचकलो.

दुसऱ्या दिवशी ती बाबांकडे आली. बाबा आणि त्यांच्या टोळीतले हमाल गोदामाच्या ओट्यावर बसून भाकरी खात होते.

"काका, एक मांगायचं होतं," ती म्हणाली. "यंदा थप्पी त्या अंगानं लावा ना. नाल्याकडून."

बाबांचा घास हातातच राहिला. "नाल्याकडून? थे भिंत पाझरते ना वं."

"मले रस्त्याकडचा कोपरा मोकळा पायजे. नागपूरपर्यंत. मंग हलवा पायजे तर."

"आता थप्पी का खेळणं हाये, इकडची तिकडे ठेवाले?" एक हमाल म्हणाला.

"ठेव बे तू," दुसरा म्हणाला. "पोट्टी टीव्हीत दिसली तर म्हणशील ना, आमच्या गोदामातली हाये म्हनून."

बाबांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि भाऊशेठकडे गेले. भाऊशेठ जाड भिंगाचा चष्मा लावणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते गोदामात आले, नाल्याकडच्या भिंतीवर हात फिरवला, हात नाकाशी नेला.

"माल खराब झाला तर?" त्यांनी विचारलं.

"खाली फळ्या टाकतो, वर ताडपत्री," बाबा म्हणाले.

"फळ्यांनं ओल थांबते का?"

"नाही थांबत. कमी होते."

भाऊशेठने अश्विनीकडे पाहिलं. ती शाळकरी पोरीसारखी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. "तुह्या बापानं रेषा मारल्या तवा मले विचारलं होतं," ते म्हणाले. "तू विचारून राह्यली थे बरं. लावा."

त्या हंगामात मी रोज मेहकरच्या कॉलेजातून आले की एसटीतून उतरून थेट गोदामात जायची. पुस्तकांची पिशवी दाराशी ठेवायची, चप्पल काढायची. फरशीवर भुशाचा बारीक थर असायचा, पाय घसरायचा, म्हणून ओल्या बारदानाने आम्ही आधी फरशी पुसायचो. मग मी शटल तिच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात उंच टाकायची. ती वळायची, दोन पावलं, आणि थांबायची. शटल मोकळ्या फरशीवर टप् करून पडायचं. तो आवाज मला नकोसा झाला होता. आमच्या कानांना तिथे दुसऱ्या आवाजाची सवय होती. कधी कधी शटल फरशीवर पडल्यावरही मला 'भस्स' ऐकू यायचं. एकदा मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मले रोजच येते."

ती चिडायची नाही, रडायची नाही. तेच जास्त भीतीदायक होतं. सराव संपला की त्या कोपऱ्यात जाऊन बसायची, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन. बाबांची टोळी समोरच्या बाजूला पोती आणत असायची. पाठीवर पोतं, हातात हूक, तोंडाने 'हं… हं' असा ताल. ती त्यांच्याकडे पाहत राहायची. मला वाटायचं, ती थप्पीला विचारतेय, की तू तिकडे गेलीस, मग इथे कोण आहे.

मास्तर आत येत नसत. ते दाराशी उभे असायचे, उजेडात, त्यामुळे त्यांची फक्त आकृती दिसायची. थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे. शाळेत आम्हाला ओरडून ओरडून शिकवणारे मास्तर अश्विनी पुण्याला गेल्यापासून तिचा एकही सामना पाहत नव्हते. मोबाइलवर कुणी दाखवला तर उठून जायचे. एकदा मी पाणी प्यायला दाराशी गेले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "काजल, तिकडे पाहू नकोस असं मीच म्हणायचो ना?"

मी म्हटलं, "सर, तेव्हा तिथं पोतीच होती."

"हो," ते म्हणाले. "पण ती गेली पुण्याला आणि पोती मी तिच्यासोबत पाठवली."

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असताना अश्विनी मला म्हणाली, "तू तिथं उभी राह्य."

"कुठं?"

"कोपऱ्यात. तू तिथं असशील तर मले दिसन का तिथं मानूस हाये. पोतं नाही."

"आन् शटल कोन टाकन?"

आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. मास्तर उभे होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. मग त्यांनी चपला काढल्या, दाराच्या चौकटीला लावून ठेवल्या आणि आत आले. माझ्या हातातली रॅकेट घेतली. मूठ दोनदा फिरवून पाहिली.

मी कोपऱ्यात उभी राहिले. मास्तरांनी शटल उंच टाकलं. ते छताच्या पत्र्याजवळून वळलं आणि माझ्याकडे येऊ लागलं. अश्विनी वळली. दोन पावलं. मला तिचे डोळे दिसले, आणि पहिल्यांदाच ते उजेडाकडे नव्हते, माझ्याकडे होते. ती थांबली. शटल माझ्या खांद्यावर पडलं.

"हटू नको," ती म्हणाली. "पुन्हा."

किती वेळा ते मला सांगता येणार नाही. मास्तर टाकत राहिले. हमालांनी काम थांबवलं आणि थप्पीवर बसून पाहू लागले. शेवटी एकदा ती आली ती थांबलीच नाही. दोन पावलं, मग तिसरं. मी घाबरून बाजूला झाले. ती जिथे मी होते तिथे पोचली, पाठ जाळीकडे, हात पूर्ण वर, आणि शटल मास्तरांच्या मागे दाराबाहेर जाऊन ओट्यावर पडलं. तिची बोटं भिंतीला घासली होती. तिने ती बोटं तोंडात घातली आणि लहान मुलीसारखी हसली.

"गेली वं पोट्टी," थप्पीवरून बाबा म्हणाले. एवढंच.

नागपूरला मी गेले. मास्तर आले नाहीत. दिवाळीत घरी केलेलं थोडं फराळाचं आणि शटलांचा एक डबा त्यांनी माझ्याजवळ दिला. एवढा मोठा, एवढा उजळ हॉल मी आधी पाहिला नव्हता. तिथे धूळ नव्हती. हिरव्या मॅटवर पांढऱ्या रेषा, आणि कुठूनही कसलाच वास नाही. मला अस्वस्थ वाटलं. सगळीकडे कोपरे होते आणि सगळे मोकळे होते.

पहिल्या फेरीत समोरच्या मुलीने अपेक्षेप्रमाणे सुरुवात केली. डावीकडे, मागे, उंच. अश्विनी गेली. पोचली. मारलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर मी आश्चर्य पाहिलं. पुन्हा टाकलं, अश्विनी पुन्हा गेली. पहिला गेम अश्विनीने घेतला. मी एकटीच जोरात टाळ्या वाजवत होते, आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहत होते, तेव्हा मी हात मांडीखाली दाबून ठेवले.

दुसऱ्या गेममध्ये त्या मुलीने बदल केला. आधी डावा मागचा कोपरा, आणि अश्विनी तिथून परतण्याआधी हलकंसं शटल उजवीकडे, जाळीजवळ. ती जागा अश्विनीची होती. लहानपणापासून तिचीच होती. मागे जायचं नसल्यामुळे ती कायम तिथेच असायची, उभी, तयार, हात पुढे. आता तिला इतक्या लांबून तिथे यावं लागत होतं. ती पळायची आणि पोचायची नाही.

मी तिच्याकडे पाहत होते आणि मला तिच्यात मी दिसत होते. गोदामात, दाराकडच्या बाजूला, मेंढरासारखी पळणारी.

तिसऱ्या गेममध्ये ती हरली. वाईट हरली नाही, थोडक्यात हरली. शेवटचं शटल जाळीला घासत तिच्या बाजूला पडलं, अगदी ती टाकायची तसं.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. तिने घोट्यावरची पट्टी सोडली.

"गेलो होतो ना मी कोपऱ्यात?" तिने विचारलं.

"गेली होतीस. दर वेळी."

"पुण्याचे सर म्हनले, आता तू सगळ्यांसारखी खेळतं. चांगलं म्हनले का वाईट, मले समजलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "थे पोतं होतं ना वं काजल, थे मले अडवत होतं. पन थे मले धरूनबी होतं."

मला कॉलेजात बोलतानाही असंच होतं. सर प्रश्न विचारतात, उत्तर येत असतं, हात अर्धा वर जातो आणि तिथेच थांबतो. मी तो हात कधी पूर्ण वर करायला शिकेनही. पण त्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा वाटलं, की त्या अर्ध्यावर थांबण्यामुळेच तर मी इतकं नीट ऐकायला शिकले असेन. मला नक्की माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.

अकादमीने तिला ठेवलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा गोदामात वेगळा वास होता. आंबूस. बाबांनी ताडपत्री उचलली. नाल्याकडच्या थप्पीचा खालचा थर ओलावला होता, पोत्यांवर पांढरी बुरशी चढली होती. बाबांच्या टोळीने ती पोती उपसून ओट्यावर उन्हात ओतली. भाऊशेठ आले, दाणे हातात घेतले, चोळले, सोडले. "जिंकली का?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. भाऊशेठ उन्हात पसरलेल्या काळपट सोयाबीनकडे पाहत राहिले आणि गेले. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. अश्विनी मात्र दुपारभर ते सोयाबीन पायाने उलटंपालटं करत फिरली, सुकावं म्हणून. दुसऱ्या सकाळी ती गेली, कुणाला न सांगता, पहिल्या गाडीने.

पुढच्या वर्षी थप्पी पुन्हा रस्त्याकडच्या कोरड्या भिंतीला लागली. पण बाबांनी ती कोपऱ्यातून सुरू केली नाही. कोपरा सोडला आणि थोडं पुढून पोती रचली. कुणी सांगितलं नव्हतं. हमाल कुरकुरले, जागा वाया जाते म्हणाले, पण तेही तिथे पोतं टाकत नव्हते. एक नवा पोरगा टोळीत आला आणि नकळत तिकडे पोतं घेऊन गेला, तेव्हा एक जण म्हणाला, "तिथं नको बे. अश्वीचा कोपरा हाये थो." जणू ती वारली आहे आणि तिच्या नावाने जागा राखली आहे. मास्तर निवृत्त झाले, गोदामाकडे येईनासे झाले. शाळेतली मुलं मोबाइलवर खेळ पाहतात. कुणीच तिथे खेळत नव्हतं. आणि तरी भरलेल्या गोदामात तेवढी फरशी मोकळी राहायची. चिमण्यासुद्धा तिथे उतरत नसत. तिथे दाणे नसायचे, हे कारण मला माहीत आहे. पण दाराशी उभं राहून पाहिलं की ते कारण पुरायचं नाही.

अश्विनी नाशिकला आहे. सकाळी एका हॉलमध्ये लहान मुलांना शिकवते, दुपारी स्वतः सराव करते आणि जिथे नाव नोंदवता येईल तिथल्या खुल्या स्पर्धा खेळते. कधी दुसऱ्या फेरीत जाते, कधी नाही. फोन कमी येतात. काल संध्याकाळी आला. मी एसटीत होते, खिडकीतून तोच वास येत होता.

"सोयाबीन आलं का वं?" तिने विचारलं. हॅलोसुद्धा नाही.

"येऊन राह्यलं. उद्या थप्पी लागन."

तिच्या मागे मुलांचा आवाज येत होता, शटलांचे टपटप आवाज.

"काकाले एक सांगतं का?" ती म्हणाली. "यंदा कोपऱ्यातून लावा म्हना. पहिल्यासारखी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोपरा त्यांनी तुह्यासाठी मोकळा ठेवला ना. दोन वर्षं झाली."

"मालूम हाये. माह्या बाबांनं सांगतलं." तिचा आवाज थोडा हलला. "मले मोकळा नको वं थो. मोकळा असला का मले वाटते, मी तिथंच बसून हाये अजून. गुडघे धरून. भरून टाका. मी दिवाळीत येतो, मंग खेळू. कोर्ट लहान झालं पायजे."

"आन् स्पर्धेत कोपऱ्यात टाकलं कोनं तर?"

"टाकू दे ना," ती म्हणाली. "मले तिकडचा रस्ता आता मालूम हाये. पन राहाले मले पुढंच आवडते." मग घाईने, मुलांकडे वळत, "चावी ठेवजो."

मी बाबांना सांगितलं. ते ओसरीवर पाय धूत होते. त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही. पायावर पाणी ओतत राहिले आणि म्हणाले, "मास्तरले सांगतलं का?"

"नाही."

"मी सांगतो."

आज कॉलेजला दांडी मारली. सकाळी गोदाम उघडलं तेव्हा मास्तर ओट्यावर बसलेले होते, स्वेटर घालून, हातात पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश. ते गुडघ्यावर बसले, त्यांना वेळ लागला, आणि पुसट झालेल्या रेषा पुन्हा ओढू लागले. कोपऱ्यातलीसुद्धा. बाबा म्हणाले, "मास्तर, तिथं कायले? पोतं येनार तिथं."

"असू द्या," मास्तर म्हणाले. "खाली रेषा असू द्या."

रंग सुकेपर्यंत हमाल बिड्या ओढत थांबले. मग बाबांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं, वाकून चालत आत गेले आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात सोडलं. धूळ उठली. चिमण्या कैचीवर गेल्या आणि थोड्या वेळात एक एक करून खाली आल्या, पोत्याच्या शिवणीपाशी. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिथे काहीतरी जिवंत हललं.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी आतून जुनी रॅकेट काढली. जाळी लावलेली नव्हती. मी दाराकडच्या माझ्या बाजूला, पाठीला उजेड घेऊन उभी राहिले आणि एक शटल उंच मारलं, तिच्या डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्याकडे. ते पत्र्याजवळून वळलं, खाली आलं आणि पोत्यावर आपटलं.

भस्स.

या वेळी आवाज खरा होता. मी तिथेच थांबले, हात पुढे करून, शटल परत येईल तसं.